आत मास्तर, बाहेर कोण? जन्मठेप भोगून आलेल्या एका माणसाचं प्रकरण

आधीच सांगते, नाव बदललंय, गाव-तालुका सांगणार नाही, जेल कुठलं तेही नाही, आणि ओळख लागेल असे एकदोन तपशील मुद्दाम फिरवलेत. त्याला सुभाष म्हणू. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून मी काही वर्षं जेलमध्ये शिकवायला जायचे, तिथली ओळख. हे सगळं त्याने वाचलंय, दोन ठिकाणी खोडलंय, आणि मगच हो म्हणालाय.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं कोरडवाहू गाव, चुलत घराशी बांधावरून भांडण, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालतं तेच. 2007 मध्ये एका संध्याकाळी शब्दाला शब्द लागला, काठ्या-कुऱ्हाडी निघाल्या आणि चुलतभाऊ गेला. सुभाष तेव्हा 26 वर्षांचा, बारावी आर्ट्स पास, तालुक्याला खतं-बियाण्यांच्या दुकानात कामाला. तीनशे दोन लागलं. दोन वर्षं कच्चा कैदी म्हणून काढली, मग जन्मठेप झाली आणि मध्यवर्ती कारागृहात रवानगी. अपीलही गेलं. ‘मी नव्हतोच’ असं तो कधी म्हणाला नाही. ‘मी एकटा नव्हतो’ एवढं एकदा म्हणाला होता, नंतर तेही म्हणायचं सोडलं.

आत त्याने बीएला नाव घातलं ते माफीसाठी. माफी म्हणजे शिक्षेत सूट, आपल्या राज्यात आत राहून शिक्षण पूर्ण केलं तर काही दिवसांची विशेष माफी मिळते. बाहेरचे लोक हे ऐकून नाक मुरडतात, की बघा, ज्ञानासाठी नाही, सुटण्यासाठी शिकतात. अहो मग आपली पोरं काय ज्ञानासाठी शिकतात का, नोकरीसाठीच ना! माणूस कशासाठी आत शिरला यापेक्षा शिरल्यावर काय झालं ते बघावं असं माझं मत आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोघांची केंद्रं जेलमध्ये चालतात, परीक्षाही आतच होते, ज्याची बारावी नाही त्याला मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा कोर्स आहे. म्हणजे शिकायचंच म्हटलं तर रस्ता आहे. सुभाष 2013 ला बीए झाला, सेकंड क्लास.

शिकवायला लागला कसा

बारावी पास म्हणजे बराकीत मोठा माणूस. अर्ज लिहायचे, आलेली पत्रं वाचून दाखवायची, मनीऑर्डरचे फॉर्म, वकिलाला चिठ्ठी. देशभरातल्या तुरुंगांची सरकारी आकडेवारी बघा, साधारण चारातला एक कैदी निरक्षर निघतो. आणि ही अशी माणसं, ज्यांचं सगळं पुढचं आयुष्य कुठल्यातरी कागदावर काय लिहिलंय यावर अवलंबून.

त्यांच्या बराकीत एक म्हातारा होता, आबा म्हणायचे सगळे त्याला. त्याने पॅरोलचा अर्ज केला होता. उत्तर आलं, त्याने ते शेजारच्या एकाला वाचायला दिलं आणि त्या माणसाने मजा म्हणून सांगितलं, ‘आबा, मंजूर झालाय तुमचा.’ आबाने पिशवी भरली, दाढी केली, चार जणांच्या पाया पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटकडे सोडा म्हणून वॉर्डरच्या मागे लागला. कागदावर होतं नामंजूर. अख्खी बराक हसली. रात्री आबा सुभाषजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘मला बाकी काय नको शिकवू, एवढं मंजूर आणि नामंजूर तेवढं वळखायला शिकव.’

तर त्याची शाळा तिथून सुरू झाली. ‘ग गवताचा’ नाहीच. मंजूर, नामंजूर, अर्ज, तारीख, आबाचं नाव, आबाच्या गावाचं नाव. खडूने फरशीवर. या पाच-सहा शब्दांतली अक्षरं सुटी करून नवे शब्द जोडायचे, मग कँटीनची यादी, साबण, चहा पावडर, खोबरेल तेल, कारण ती यादी प्रत्येकाला स्वतः वाचायची असते, दुसऱ्याने वाचली की पैशात गडबड होते. मी नंतर त्याला विचारलं हे कुठून सुचलं, प्रौढ शिक्षणातली माणसं हेच सांगतात की मोठ्यांना त्यांच्या कामाच्या शब्दांपासून शिकवा. तो म्हणाला, ‘मॅडम, साठ वर्षांच्या माणसापुढे गाय-बदकाचं चित्राचं पुस्तक धरलं ना, की तो उठून जातो. एकदा गेला की परत येत नाय.’

जेलला शिक्षक असतो, सगळे गुरुजी म्हणतात. इथले गुरुजी चांगले होते. त्यांनी हे बघितलं आणि सुभाषला शाळेच्या कामावर घेतलं.

पहिला पेच: पदवीनंतर काय

इथे पर्याय तीन होते. एक, सुतारकाम विभागात जायचं. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे मजुरीचे तीन दर असतात, सुतारकामात कुशल झालं की हातात जास्त पडतं, ते घरी पाठवता येतं, आणि सुटल्यावर हातात कला राहते. दोन, एलएलबीच्या मागे लागायचं. आत सगळ्यांनाच कधी ना कधी वकील व्हावंसं वाटतं. पण वकिलांच्या 1961 च्या कायद्यातलं 24अ कलम असं की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही, सुटून दोन वर्षं झाली की मग ती आडकाठी जाते. शिवाय कायद्याचा वर्ग रोज कॉलेजात बसून करायचा असतो. तीन, शिकवत राहायचं, कमी मजुरीत, आणि जमलं तर एमए.

भाऊ जेलमध्ये भेटायला आला की सुतारकामच म्हणायचा. आणि व्यवहाराने बघितलं तर भावाचंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. सुभाषने तिसरा पर्याय घेतला. कारण विचारल्यावर त्याने जे सांगितलं ते काही फार उदात्त नाही. सुतारकामात तो तीनशे दोनचा कैदी नंबर अमुक होता, आणि शाळेत मास्तर. सकाळी कुणीतरी ‘मास्तर’ अशी हाक मारायचं, तेवढ्यासाठी. एमएला नाव घातलं, पहिलं वर्ष झालं, दुसरं लटकलं.

जाता जाता एक. जेलमध्ये शिक्षणाचा काही कार्यक्रम असला की पाहुणे हमखास मंडालेतल्या टिळकांचं नाव घेतात, नाहीतर 1932 मध्ये धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे ते सांगतात. थोर आहेच ते, प्रश्न नाही. पण समोर बसलेल्याने चुलतभाऊ मारलेला असतो हो. तो मान खाली घालून ऐकतो आणि नंतर बराकीत जाऊन त्या भाषणाची नक्कल करतो. टिळकांना सुटल्यावर चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायचा नव्हता.

2020: पॅरोल आणि मारुतीच्या देवळातला वर्ग

कोरोनात जेल रिकामे करायला सरकारने मे 2020 मध्ये पॅरोलच्या नियमात बदल केला. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षावाल्यांना अट अशी की आधी दोनदा रजेवर जाऊन वेळेत परत आलेला असला पाहिजे. सुभाष आलेला होता. 45 दिवसांसाठी सोडलं आणि नंतर तीस-तीस दिवसांनी वाढत वाढत ते 2022 पर्यंत गेलं. स्वतःच्या गावात जाणं शक्यच नव्हतं, मयताचं घर शेजारच्याच गल्लीत, म्हणून बहिणीच्या गावी राहिला आणि महिन्याला पोलीस ठाण्यात हजेरी.

शाळा बंद, मोबाईलवर अभ्यास, आणि बहिणीच्या घरात मोबाईल एकच, तोही दाजींच्या खिशात. सुभाषने भाचीला शिकवायला सुरुवात केली, आठवड्यात शेजारची चार पोरं आली, मग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात वर्ग भरायला लागला, लांब लांब बसवून, तोंडाला गमछे. गावाला एवढंच माहीत की हे मामा ‘बाहेरगावी नोकरीला होते, लॉकडाऊनमध्ये आलेत’. बहिणीनेच तसं सांगून ठेवलेलं.

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हा, आणि तो कुणी घेतलाच नाही, नुसता होऊन गेला. बहीण बोलली, तो गप्प राहिला. त्या दोन वर्षांत लोकांनी त्याला दूध दिलं, भाजी दिली, पंधरा ऑगस्टला नारळ फोडायला पुढे केलं, आणि प्रत्येक वेळी खरं सांगणं आणखी महाग होत गेलं.

परत जायचं की नाही

2022 मध्ये हजर व्हायचा आदेश आला. बरेच जण परतलेच नाहीत, पोलिसांना शोधत फिरावं लागलं, हे पेपरात सगळ्यांनी वाचलंय. सुभाषलाही सल्ले मिळाले, गुजरातला जा, सुरतेला कोण विचारतंय. त्याने दोन दिवस विचार केला असं तो सांगतो, मला वाटतं जास्त केला असेल. तो गेला. मुलांना म्हणाला, ‘कामावर बोलावलंय.’ एसटीने गेला, गेटवर नाव सांगितलं.

आत गेल्यावर फटका बसला. त्याच्या डोक्यात हिशोब होता की चौदा वर्षं भरली, आता सुटका. एक तर चौदा वर्षं म्हणजे सुटका हा समजच चुकीचा, जन्मठेप ही आयुष्यभराची असते आणि तीनशे दोनसारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय मुदतपूर्व सुटकेचा नुसता विचारसुद्धा करायचा नाही असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 433अ कलम होतं (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच 475 झालंय). त्यात जानेवारी 2023 मध्ये गोव्याच्या कैद्यांच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ही चौदा वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस धरायचे नाहीत. म्हणजे देवळातली ती दोन वर्षं हिशोबात शून्य.

काही महिने तो शाळेकडे फिरकलाच नाही. बराकीत पडून. इथे गुरुजींनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. समजूत वगैरे काढली नाही. उल्लासची म्हणजे नव भारत साक्षरता या प्रौढांना साक्षर करायच्या सरकारी कार्यक्रमाची नोंदणी आली होती, ती यादी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, नावं चुकलीत, दुरुस्त करून दे. नावं दुरुस्त करायची तर त्या माणसांशी बोलावं लागतं. बोलला की अडकला. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 असे 150 मार्क, त्याची तयारी त्याने करून घेतली. मार्च 2024 च्या परीक्षेला त्याचे लोक बसले. एकाने पेपरात सही मराठीत करून वर अंगठाही उठवला, सवयीने.

त्याच वर्षाच्या शेवटी सुटकेचा आदेश आला.

सुटल्यावरचा प्रॉब्लेम

आता माणूस 43 वर्षांचा, बीए, अर्धा एमए, दहा-अकरा वर्षं शिकवण्याचा अनुभव. आणि करायचं काय?

शाळा? बीएड नाही, टीईटी नाही, आणि ते असतं तरी पडताळणीत पहिल्याच पायरीला बाद. आणि खरं बोलायचं तर लहान मुलांच्या शाळेने पडताळणी करूच नये असं मीही म्हणणार नाही. तालुक्यातले खासगी क्लास? एका क्लासवाल्याने डेमो लेक्चर घेऊन लगेच हो म्हटलं, कागद नंतर द्या म्हणाला. म्हणजे लपवून राहायचं, कळेल तोपर्यंत. गावोगावी उल्लासचे स्वयंसेवक लागतात पण ते बिनपैशाचं. भावाची शेती म्हणजे परत तेच गाव, तोच बांध. एका संस्थेने सुटलेल्या कैद्यांसाठी गाडा लावून द्यायची तयारी दाखवली, वडापावचा. त्याला तो कमीपणाचा वाटला नाही, पण वडापाव करता येत नाही म्हणाला, शिकलो तर वर्ष जाईल.

शेवटी बहिणीच्या गावाजवळच्या बाजारपेठेत झेरॉक्स आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला लागला. मालकाला सगळं सांगून. मालकाचा मामाच कधीतरी आत जाऊन आलेला, त्यामुळे ते पटकन जमलं, हे नशीबच म्हणायचं. आत जे करायचा तेच बाहेर, लोकांचे अर्ज लिहायचे.

तिथे दहावी नापास पोरं परत परीक्षेला बसायच्या फॉर्मची चौकशी करायला यायची. वीस-बावीस वर्षांची, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी गॅरेजात. फॉर्म भरतात आणि अभ्यास कोण घेणार म्हणून परत नापास होतात. मालकच म्हणाला, संध्याकाळी दुकानाच्या वरच्या खोलीत घ्या मास्तर.

सांगायचं की लपवायचं

यावर आमचं दोन-तीनदा फोनवर कडक बोलणं झालं. बहिणीचं म्हणणं, गप्प राहा, शिक्षा भोगून झाली, आता कुणाचं देणं नाही. तिच्या पोरीचं लग्न ठरत होतं, तिची भीती खरी होती. माझं म्हणणं होतं पोरं सज्ञान आहेत, त्यांना सांगून टाक. सुभाषने दोघींचंही ऐकलं नाही. तो म्हणाला भाचीचं लग्न होईपर्यंत थांबतो, तोपर्यंत वर्ग सुरू करत नाही. चार-पाच महिने फक्त झेरॉक्स. लग्नाआधी व्याह्यांना मात्र दाजींकरवी कळवलं. व्याही म्हणाले, आम्हाला आधीच माहीत होतं.

मग वर्ग सुरू करताना पहिल्या दिवशी त्याने सांगितलं. लांबण लावलं नाही. ‘माझ्या हातून खून झालाय, सतरा वर्षं गेली, पाहिजे तर थांबा नाहीतर फी परत घेऊन जा.’ दोघं उठून गेले. एक उठला तो पाणी प्यायला, आणि परत आला.

पण देवळातल्या जुन्या मुलांच्या आईबापांचं वेगळं. त्यांना हे बाजारातून कळलं. एक बाई दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, ‘दोन वर्षं माझी पोरगी तुमच्यासमोर बसवली मी, तेव्हा तोंड शिवलं होतं का?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ती बाई चूक नव्हती. त्या पोरीला मात्र पाढे त्यानेच शिकवलेले, तेही खरं.

सध्या

पहिल्या बॅचमधले अर्धेअधिक पास झाले, बाकीचे गणितात लटकले, कारण सुभाषचं स्वतःचं गणित कच्चं आहे आणि गणिताला दुसरा मास्तर परवडत नाही. पोट झेरॉक्सवरच चालतं, क्लासचे पैसे म्हणजे खोलीचं भाडं आणि थोडं वर. एमएचं दुसरं वर्ष अजून लटकलेलंच. चुलत घराशी बोलणं नाही. मध्ये कुणीतरी समेटाचा निरोप पाठवूया म्हणालं तेव्हा त्याने नको सांगितलं, त्यांच्या दारात आपण उभं राहणं हाच त्रास आहे म्हणाला. मला वाटतं बरोबर आहे. तो मास्तर झाला याचं त्या घराने कौतुक करावं अशी अपेक्षा आपण बाहेरच्यांनी तरी ठेवू नये.

वेगळं काय करता आलं असतं

2020 मध्ये बहिणीने सरपंच आणि शाळेचे मुख्याध्यापक, निदान या दोघांना सांगायला हवं होतं. वर्ग कदाचित भरलाच नसता, हा धोका होता. पण भरला असता तर तो मुख्याध्यापकांच्या नजरेखाली भरला असता आणि 2024 मध्ये त्यांचा एक शब्द त्याच्या बाजूने पडला असता.

सुतारकामाचं मी वर म्हटलंच. शिकवणं न सोडता अर्धा दिवस तिकडे काढता आला असता का, हे त्या वेळी कुणी विचारलंसुद्धा नाही, सुभाषने नाही आणि आम्ही केंद्रावाल्यांनीही नाही. आमचं सगळं लक्ष निकालाकडे. कोण किती विषयात पास, फोटो, बातमी. सुटायच्या आधी वर्षभर तरी बाहेर नेमकं काय काम मिळू शकतं, कुठला दाखला अडणार, कुणाला काय सांगायचं, यावर कुणी बसून बोलत नाही. गुरुजींच्या परीने त्यांनी केलं, पण ते एक आणि कैदी शेकड्याने.

आणि कागद. बीएचं सर्टिफिकेट विद्यापीठाचं आहे, त्यावर जेलचं नाव नसतं, हे फार चांगलं आहे. पण त्याने इतकी वर्षं शिकवलं याचा कुठेही एका ओळीचा दाखला नाही. मी संबंधित ऑफिसात विचारलं तर असा काही नमुनाच नाही म्हणाले. सुभाषला सांगितलं तर तो हसला, ‘नमुना असता तरी त्यावर शिक्का जेलचा असता ना मॅडम, तो दाखवायचा कुणाला?’ म्हणून आता अभ्यासकेंद्राच्या लेटरहेडवर ‘साक्षरता वर्गात अध्यापन केले’ एवढंच पत्र मिळावं असा अर्ज दिलाय, मजकूर त्यानेच लिहिला. अजून उत्तर नाही.